भालेरावांच्या दारातलं स्टूल

कोणाच्या घरी बेल वाजवून दाराबाहेर जरा जास्त वेळ उभं राहावं लागलं की मला भालेरावकाकांची आठवण येते. सिंगापूरला, सेरंगून भागात आम्ही एकाच मजल्यावर, दाराला दार लागून राहिलो, पण त्यांच्या घराची बेल कशी वाजते हे मला आजही ठाऊक नाही. ती वाजवायची वेळच यायची नाही. लिफ्ट थांबल्याचा आवाज झाला, कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली, की इकडे काका दार उघडून उभे. "या या, थेट आत या!" पुष्कळदा येणारा माणूस त्यांचा नसायचाच. पार्सलवाला असायचा, नाहीतर पलीकडची चिनी आजी भाजीची ट्रॉली ओढत निघालेली असायची. एकदा ब्लॉक चुकून आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी आत नेऊन चहा पाजला. ते गृहस्थ दुसरा कप झाल्यावर उठले आणि आपल्याला कुठे जायचं होतं ते आठवत बराच वेळ लिफ्टपाशी उभे राहिले.

उंच, किडकिडीत माणूस. चष्मा कपाळावर आणि हात सतत कशात तरी गुंतलेले. जहाजदुरुस्तीच्या यार्डात पंपांचे इंजिनियर होते, निवृत्तीला टेकले होते. घरात यार्डाचा विटका टी-शर्ट आणि अर्धी चड्डी हाच पोशाख. त्यांच्या पत्नी, आमच्या रत्नाकाकू, त्यांना म्हणायच्या, "अहो, दार उघडायला एवढे धावता, तर निदान पँट तरी घाला." काकांचं उत्तर ठरलेलं: "पँट घालेपर्यंत माणूस बाहेर थांबेल ना."

माझी पहिली भेट अशीच झाली. आम्ही पुण्याहून नुकते आलो होतो, पलंग जोडायचा होता आणि स्क्रूड्रायव्हर सापडत नव्हता. मी भालेरावांच्या दाराकडे वळले तोच दार उघडलं. पायात माझ्या बंदांचे सँडल होते. दाराच्या आत, भिंतीला लागून, काळपट लाकडाचं एक कोरीव स्टूल दिसलं. इंग्रजी बंगल्यातून उचलून आणल्यासारखं भारदस्त. मी सहज त्यावर टेकून बंद सोडायला लागले.

"अं हं! तिथे नाही."

मी चटका बसल्यासारखी उठले. "सॉरी काका, अँटिक आहे का?"

"अँटिक आहे, पण म्हणून नाही. आमच्याकडे त्या स्टुलावर कोणी बसत नाही. तू आत ये, सोफ्यावर आरामात बस, तिथे काढ सँडल."

म्हणजे मराठी माणसाच्या घरात मी पायताणासकट सोफ्यापर्यंत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच. हॉलमध्ये निळ्या कोटातल्या, गोल चष्म्याच्या फोटोखाली बुद्धाची पितळी मूर्ती होती आणि तिच्यासमोर ताजी फुलं होती. मी अंग चोरून बसले. काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असू दे गं. ह्यांनी लादी पुसायचं काम स्वतःकडे घेतलंय, म्हणून चालवून घेते."

त्या स्टुलाचं वर्णन करायला हवं. ओक लाकूड, इंग्लंडचं. पाय जाडजूड आणि वळणदार. बैठकीच्या दोन्ही टोकांना एकेक सिंहाचं तोंड कोरलेलं. दोन सिंहांपैकी एकाचं नाक झिजलेलं होतं, त्यामुळे तो सर्दी झाल्यासारखा दिसायचा. समोरच्या पट्टीवर मधोमध ढालीचा आकार कोरलेला होता. त्या ढालीत मालक आपल्या घराण्याचं चिन्ह रंगवून घेत असत म्हणे. ही ढाल मात्र कोरीच होती. बैठक मधे किंचित खोलगट, आणि टणक इतकी की मी जेमतेम टेकले होते तरी ती मला जाणवली. दर रविवारी काका जुन्या बनियनच्या चिंधीने त्याला मेण लावायचे. सर्दीवाल्या सिंहाचं नाक जरा जास्तच प्रेमाने पुसायचे.

ते घरात कसं आलं, ही गोष्ट काकूच सांगायच्या, कारण काका सांगायला लागले की त्या मधे बोलायच्याच. काकूंनी काकांना चपलांचं कपाट आणायला पाठवलं होतं. दारात चपलांचा ढीग व्हायचा, त्याला आळा घालायचा होता. काका कपाट बघत बघत एका जुन्या फर्निचरच्या दुकानात शिरले. दुकान मिसेस क्वेक नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं होतं. त्या आपल्या मांजरासह इंग्रजी कपाटं, आरसे आणि घड्याळं यांच्या गर्दीत बसलेल्या असत. काका दमले होते म्हणून या स्टुलावर बसले, आणि लगेच कळवळून उठले.

"हार्ड, ना?" मिसेस क्वेक हसल्या. "मस्ट बी हार्ड. धिस वन नॉट फॉर फॅमिली. फॉर पीपल वेटिंग."

मग त्यांनी काकांना हॉल स्टूल म्हणजे काय ते सांगितलं. इंग्लंडातल्या मोठ्या घरांमध्ये दारातून आत आलं की एक हॉल लागायचा. निरोप घेऊन आलेला माणूस, गाडीवान, शिंपी, कामाची विचारणा करायला आलेला कोणी, यांना त्यापुढे जायची परवानगी नसे. चिखलाचे बूट, ओले कोट. मग गादी कशाला खराब करायची? म्हणून नुसत्या लाकडाचं स्टूल. पण ते सगळ्यांच्या नजरेस पडायचं, म्हणून कोरीवकाम भरपूर. घरचं माणूस त्यावर कधीही बसत नसे. हे स्टूल इंग्लंडातल्या अशाच एका घरातून निघालं आणि एका साहेबाबरोबर जहाजाने सिंगापूरला आलं. इथल्या बंगल्यातही ते दारातच राहिलं, त्याच कामावर. साहेब गेले, बंगल्यात दुसरे लोक आले, सामान विकलं गेलं, आणि स्टूल मिसेस क्वेकच्या मांजराला झोपायला मिळालं.

"सेम जॉब, टू कंट्रीज," मिसेस क्वेक म्हणाल्या.

काकांनी तिथल्या तिथे पैसे मोजले. टॅक्सी बोलावली आणि स्टूल मांडीवर घेतल्यासारखं घरी आणलं.

"आणि चपला?" काकू या ठिकाणी दर वेळी थांबायच्या. "चपला तिथेच. फक्त आता त्यांच्यावर लक्ष ठेवायला दोन सिंह आलेत."

काकांनी स्टूल दारातच ठेवलं, पण त्यावर कोणाला बसू द्यायचं नाही असा नियम केला. ते म्हणायचे, "एवढी वर्षं त्याने माणसं थांबवली. आता त्याने जरा रिकामं बसावं." मला तेव्हा ही त्यांची एक लहर वाटायची. ज्याला त्याला वेळेच्या आधी पोचून गाठणं, कोणी भेटायला येणार असेल तर खाली लिफ्टपाशी जाऊन उभं राहणं, डॉक्टरकडे नंबर लागल्यावर मागच्या बाईला "तुम्ही जा आधी" म्हणणं, या त्यांच्या बाकीच्या लहरींसारखीच.

परदेशात मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो: "तुम्ही मूळचे कुठले?" मग गाव, मग तालुका, मग "म्हणजे त्या अमुक लोकांपैकी का?" प्रश्न गावाचा असतो, पण हवं असतं दुसरंच काहीतरी. काकांना हा प्रश्न कोपऱ्यावरून वळायच्या आधीच दिसायचा. ते म्हणायचे, "मी नाशिककडचा. माझं काय घेऊन बसलात, मूळ बघायचं तर हे बघा." आणि खिशातून फोन काढून स्टुलाचा फोटो दाखवायचे. मग ओक, मग इंग्लंड, मग सिंह, मग सिंहाचं नाक. मला हे पाहायला फार मजा यायची. काका खोटं कधी बोलत नसत. विषय मात्र असा बदलत की समोरच्याला पत्ता लागत नसे.

श्रीनिवास दांडेकरांना सुद्धा लागला नाही. दांडेकर हे ईस्ट कोस्टच्या एका काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहणारे, बँकेतले मोठे अधिकारी आणि आमच्या आठ-दहा कुटुंबांच्या गणपतीचे सर्वेसर्वा. माणूस मोकळा, खर्चिक, मदतीला पहिला. पण एखादं आडनाव कानावर पडलं की ते कोणत्या फांदीवर बसतं हे कळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागायचं नाही. काकांची आणि त्यांची ओळख ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाऊगल्लीत, झाली. रविवारची गर्दी, एक टेबल रिकामं नाही. दांडेकर हातात साताय, म्हणजे भाजलेल्या चिकनच्या काड्या, आणि लिंबाचं सरबत घेऊन गोल गोल फिरत होते. काकांनी नेहमीप्रमाणे आधी येऊन टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरली होती. इथे टिश्यूचं पाकीट म्हणजे सातबारा, त्या जागेवर दुसरं कोणी बसत नाही. पण काकांना उभा माणूस बघवायचा नाही. त्यांनी पाकीट उचललं. "या हो, बसा. मराठी दिसताय."

"कशावरून?"

"सरबताचा पहिला घोट उभ्याने घेतला नाहीत. बसायची वाट बघत होतात."

जेवताना प्रश्न आलाच. "भालेराव? कुठले भालेराव?"

"नाशिककडचे."

"मग आमचेच की हो! माझ्या आत्याचे दीर भालेराव. नाशिकचेच."

"असतील की," काका म्हणाले आणि त्यांच्या ताटात काकडी सरकवली. "सगळे आपलेच."

दांडेकरांच्या मनात फांदी पक्की झाली. पुढे काका गणपतीला यायचे पण आरतीला उभे राहायचे नाहीत, मागे बसून पंख्यांची आणि पोरांची देखरेख करायचे. दांडेकर कौतुकाने सांगायचे, "भालेराव एकदम सुधारकी. जुन्या नाशिकच्या घरात असतात असे एक-एक." काकांना हे ऐकू यायचं. ते मोदकाचं नाक तोडून तोंडात टाकायचे आणि मला म्हणायचे, "मी पूजेत नाही. मोदकात आहे."

हे सगळं गमतीत चाललं असतं. पण मधे मैत्रेयी होती.

मैत्रेयी म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. इथेच शिकली, इथेच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट झाली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून, शेपटीला इथला 'लाह' लावून. तिचं आणि दांडेकरांच्या ओंकारचं जमलं होतं. काका-काकूंना माहीत होतं. मला माहीत होतं, कारण मॉलमध्ये ती दोघं आइस्क्रीम खाताना मी समोरच उभी ठाकले होते. दांडेकरांना माहीत नव्हतं. ओंकारला भालेराव कोण हे पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. घरच्यांना काय वाटेल, हा प्रश्न होता. गणपती झाले की आपण दोन्ही गोष्टी एकदमच सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

आणि त्याच वर्षी गणपतीच्या चौरंगाचा पाय मोडला. नवा कुठून आणायचा म्हणून ग्रुपवर चर्चा सुरू झाली. मी ग्रुपवर टाकलेल्या काकांच्या घरच्या एका फोटोत मागे स्टूल होतं, ते दांडेकरांच्या पत्नी नीलिमाताईंनी पाहिलं आणि त्यांनी लगेच लिहिलं, "अगं, हा काय सुंदर चौरंग! सिंहसुद्धा आहेत!" बघता बघता सगळ्यांचं ठरलं. चौरंगाला चार पाय आणि वर नक्षी लागते, आमच्या लोकांनी तेवढंच पाहिलं. दारातल्या स्टुलाचा मखरातला चौरंग करणं आम्हालाच जमलं असतं.

काका खो-खो हसले. "न्या की. पूजा तुमची, लाकूड माझं. स्टुलाला काही धर्म नाही."

मैत्रेयी हसली नाही. स्टूल न्यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिथेच होते. ती म्हणाली, "पपा, अंकल विल आस्क. सगळ्यांसमोर आस्क करतील. जस्ट से अँटिक, फ्रॉम सम लॉर्ड. फिनिश."

"लॉर्डच्याच घरातलं आहे."

"यू नो व्हॉट आय मीन, लाह. प्लीज. ओन्ली टिल गणपती. ओंकार वाँट्स टू टेल देम हिमसेल्फ."

काका चिंधीने सिंहाचं नाक पुसत राहिले. मग म्हणाले, "मी आपण होऊन काही बोलणार नाही. शब्द देतो. पण कोणी सरळ विचारलं तर मला वाकडं सांगता येणार नाही, बाळा."

"ऑलवेज यू चेंज द सब्जेक्ट. वन मोअर टाइम कॅनॉट, इज इट?"

काकूंनी दोघांच्या मधे पोह्यांची बशी ठेवली.

दांडेकरांच्या काँडोच्या फंक्शन रूममध्ये गणपती बसले. खरं सांगते, त्या स्टुलावर मूर्ती फार शोभली. नीलिमाताईंनी कोरीवकाम झाकायला नको म्हणून वर वस्त्रसुद्धा घातलं नव्हतं. प्राणप्रतिष्ठा झाली, आणि आरतीआधी दांडेकरांनी माइक हातात घेतला. ते रंगात आले होते. "यंदा बाप्पांचं आसन बघा! अस्सल इंग्लिश ओक. लॉर्डच्या हवेलीतलं. आपल्या नाशिकच्या भालेरावांनी दिलंय. अशी वस्तू खानदानी घरातच टिकते. भालेराव, या इकडे. सांगा लोकांना, यावर कोण कोण बसून गेलंय?"

सरळ प्रश्न. मी मैत्रेयीकडे पाहिलं. ती बापाकडे बघत मान अगदी बारीक हलवत होती, नको म्हणून.

काका पुढे आले. माइक घेतला नाही. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"लॉर्ड नाही बसायचा हो यावर," ते म्हणाले. "लॉर्डला गाद्या होत्या." लोक हसले. काकाही हसले. "हे स्टूल असायचं दारात. निरोप घेऊन येणारी माणसं यावर बसायची. आत जायची त्यांना मुभा नव्हती. साहेब उत्तर देईपर्यंत बसून राहायचं. म्हणून ही बैठक अशी खोलगट झाली आहे. लॉर्डाने नाही, निरोप्यांनी झिजवली."

इथे ते थांबले असते तरी चाललं असतं. पण दांडेकर भाबडेपणाने म्हणाले, "वा! मग तुम्हाला कसं काय आवडलं हे?"

"माझे आजोबा हेच काम करायचे ना. नाशिककडच्या आमच्या गावात. या गावचा निरोप त्या गावाला, पायी. गावकीचं काम, आमच्या वाट्याला आलेलं. मोठ्या घरी पोचले की दारापासून लांब उभं राहायचं, हाक मारायची आणि उत्तराची वाट बघायची. उन्हात. इंग्रजांच्या निरोप्याला निदान स्टूल होतं. आमच्या आजोबांना सावलीसुद्धा नव्हती." आवाज त्यांचा नेहमीचाच होता, पंपातला बिघाड समजावून सांगताना असायचा तसा. "म्हणून मी हे घेतलं. घरात दारातच ठेवलंय, पण कोणाला थांबवत नाही. आणि आज तुमचा देव त्या निरोप्यांच्या जागेवर बसलाय. मला तर फार आवडलं हे."

दांडेकरांच्या चेहऱ्यावर मला दिसलं, की आत्याच्या दिरांची फांदी आत कुठेतरी मोडते आहे. मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "मूर्तीखाली कापड तरी घालू या का?" ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. काकांनीही ऐकलं.

दांडेकर म्हणाले, "नाही. प्रतिष्ठापना झाली आहे. आता विसर्जनापर्यंत मूर्ती हलवायची नसते." मग माइक ठेवला आणि म्हणाले, "चला, आरती घ्या." हे त्यांनी शास्त्र म्हणून सांगितलं की माणूस म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. मैत्रेयी खोलीत नव्हती.

ओंकारने त्याच आठवड्यात घरी सगळं सांगून टाकलं. तिकडून काहीच आलं नाही. राग नाही, होकार नाही, फोनसुद्धा नाही. विसर्जन होऊन गेलं. "स्टूल मी स्वतः आणून देईन" असं दांडेकर गणपतीआधी म्हणाले होते, ते स्टूलही आलं नाही. ओंकार म्हणत होता की आपण दोघं लग्न करून टाकू. मैत्रेयी म्हणत होती, "आय डोन्ट वाँट टू बी समबडीज प्रॉब्लेम." त्याच्या घरचे आले तर ठीक, नाहीतर नाही, एवढं तिचं ठरलं होतं. वडिलांशी ती बोलतच नव्हती. एकाच घरात राहून त्यांना मेसेज करायची: गॅस बंद केलाय, दूध संपलंय.

भालेरावांच्या दारातली भिंत ओकीबोकी दिसायला लागली. काकू विनोद करायच्या, "आता तरी चपलांचं कपाट आणा," पण त्यांच्या आवाजात दम नव्हता. काका मात्र लिफ्ट वाजली की दार उघडायचे, कॉरिडॉरमध्ये बघायचे, "या या" तोंडाशी आलेलं असायचं, आणि समोर चिनी आजी ट्रॉली ओढत निघालेली असायची. एकदा मी बाहेर कपडे वाळत घालत होते तेव्हा ते म्हणाले, "मानसी, उत्तराची वाट बघायची मला सवय नाही गं. आजोबा कसे बघायचे कोण जाणे."

मी विचारलं, "तुम्हाला वाटतं का, तेव्हा बोलायला नको होतं?"

"रोज वाटतं," ते म्हणाले. "आणि रोज वाटतं की दुसरं काही बोलता आलं नसतं. पोरीचा चेहरा बघवत नाही." एवढं बोलून ते माझ्या दोरीच्या ढिल्या झालेल्या हुकाकडे वळले आणि तो घट्ट करत बसले.

त्याच सुमाराला आमच्या फ्लॅटच्या मालकाला फ्लॅट स्वतःसाठी हवा झाला, आणि आम्ही वुडलँड्सला जायचं ठरवलं. सामान हलवायचा रविवार. आमचं दार सताड उघडं, खोकी कॉरिडॉरभर. मी एका खोक्याला चिकटपट्टी लावत होते. लिफ्ट वाजली. भालेरावांचं दार नेहमीसारखं उघडलं, काका अर्ध्या चड्डीत दारात आले.

लिफ्टमधून दांडेकर बाहेर पडले. दोन्ही हातांनी स्टूल छातीशी कवटाळलेलं. घामाघूम झाले होते, एका सिंहाचं तोंड त्यांच्या हनुवटीला टोचत होतं. गाडी लांब लावावी लागली असणार. माझ्या खोक्यांमधून वाट काढत ते कसेबसे दारापर्यंत पोचले.

"या या, थेट आत या," काका म्हणाले. आवाज जरा चिरकला.

दांडेकरांनी स्टूल उंबऱ्याच्या आत, त्याच्या जुन्या जागी ठेवलं. आणि त्यावर बसले.

"अहो, तिथे नाही—"

"इथेच," दांडेकर धापा टाकत म्हणाले. "भालेराव, मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? तुमचा, ओंकारचा, माझा स्वतःचा. पुण्याला माझी आई आहे, तिला अजून सांगायचंय, ते कसं जमेल माहीत नाही. पण नीलिमा म्हणाली, आधी जाऊन या. ती खाली गाडीत बसली आहे. मी निरोप घेऊन आलोय. आमच्या ओंकारसाठी तुमच्या मैत्रेयीला मागणी घालायला. तर आता उत्तर मिळेपर्यंत मी इथेच बसणार."

"उठा हो, दांडेकर! चहा आत आहे."

"आधी उत्तर. भलतंच टणक आहे हे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते. मी चिकटपट्टीचं टोक हातात धरून तशीच उभी होते. आमचा सामानवाला खोकं उचलून खाली चालू लागला, मला त्याच्यामागे जायलाच हवं होतं. लिफ्टचं दार मिटता मिटता मला काका दिसले. दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून, मान घराच्या आत वळवून ते अधीर होऊन हाका मारत होते. त्या मजल्यावर मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं.

"मैत्रेयी! अगं, उत्तर तू द्यायचंस, मी नाही. लवकर ये बाळा. इथे माणूस दारात थांबलाय, आणि एक खाली थांबलंय!"

आणि आतून, किती दिवसांनी, शुद्ध मराठीत आवाज आला, "आले, पपा."